परभणीतील एक संगणक-दुरुस्तीचे दुकान : दोन वर्षांचा अनुभव

संगणक बिघडला की आपल्याकडे पहिला शब्द कानावर येतो तो ‘फॉरमॅट मारावा लागेल’ (म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकावी लागेल) हा. परभणीत स्टेशन रोडवरून आत वळल्यावर झेरॉक्सच्या दुकानांच्या ओळीत एक अरुंद गाळा आहे. गेल्या दोन वर्षांत कार्यालयाच्या आणि घरच्या संगणकांसाठी मला या दुकानाची पाच-सहा वेळा गरज पडली, आणि हा शब्द मला तेथे एकदाही ऐकावा लागला नाही. दुकान दोघे सख्खे भाऊ चालवतात आणि हाताखाली एक मुलगा आहे. हाताला आहे तेवढेच काम पुरते, नाव कोठे छापू नका, असे थोरल्या भावाने स्पष्ट सांगितल्यामुळे नाव देत नाही. परंतु त्यांची काम करण्याची रीत तपशिलाने सांगण्यासारखी आहे, कारण दुरुस्ती करणारा माणूस पारखायचा कसा, हे मला याच गाळ्यातल्या स्टुलावर बसून कळले.

मी मानवत रस्त्यावरील एका जिनिंगमध्ये (कापसातून सरकी वेगळी काढण्याच्या कारखान्यात) हिशेब पाहतो. कार्यालयात दोन संगणक आहेत, एक लेसर प्रिंटर आहे आणि वजनकाट्याच्या खोलीत काटापट्टी (वजनाची पावती) काढण्यासाठी आणखी एक जुना संगणक आहे. कापसाचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालतो. त्या दिवसांत काट्यावरचा संगणक दोन तास जरी बंद राहिला, तरी भरलेल्या गाड्यांची रांग फाटकाबाहेर रस्त्यावर येते आणि शेतकऱ्यांना उन्हात ताटकळत बसावे लागते. त्यामुळे या यंत्राचा बिघाड आमच्याकडे केवळ गैरसोयीचा प्रश्न राहत नाही.

पहिल्यांदा गेलो ते याच काट्याच्या संगणकासाठी. सुरू केल्यावर वीस-पंचवीस मिनिटे तो व्यवस्थित चाले आणि मग कोणतीही सूचना न देता फट्कन बंद पडे. आधी ज्यांना दाखवला होता, त्यांच्यापैकी एकाने एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) गेला असे सांगितले होते आणि दुसऱ्याने मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर जोडलेले असतात तो मुख्य बोर्ड) बदलावा लागेल असे सांगून पाच हजारांचा अंदाज दिला होता. दोघांपैकी कोणीही कॅबिनेटचे झाकण उघडले नव्हते. या दुकानात गेल्यावर मीही एसएमपीएस, मदरबोर्ड अशी ऐकीव नावे सांगू लागलो, तेव्हा थोरल्या भावाने मला हाताने थांबवले आणि म्हणाला, “काका, कामून बंद पडलं ते मी बघतो. तुमच्या डोळ्यांनी काय दिसलं, तेवढंच सांगा.” मग त्याचे प्रश्न सुरू झाले. बंद पडण्याआधी निळा पडदा येतो का, त्यावर काही अक्षरे दिसतात का? बंद पडल्यावर लगेच बटण दाबले तर सुरू होतो, की थोडा वेळ थांबावे लागते? सकाळी जास्त वेळ चालतो की दुपारी? बंद पडण्याआधी पंख्याचा आवाज वाढतो का? माझी उत्तरे त्याने वहीत लिहून घेतली. निळा पडदा येत नव्हता, लगेच सुरू केला तर पाच मिनिटांत पुन्हा बंद पडत होता, दुपारी लवकर दमत होता आणि पंखा घरघरत होता. कॅबिनेट उघडण्याआधीच तो म्हणाला की हा उष्णतेचा प्रकार वाटतो.

त्याने तर्क सांगितला तो असा. प्रोसेसर ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तरीही उष्णता उतरली नाही, तर जळून जाऊ नये म्हणून यंत्र बंद करून टाकतो. विजेचा पुरवठा करणारा भाग बिघडला असता, तर बंद पडण्याला असे वेळेचे गणित सहसा राहिले नसते. प्रोग्रामचा दोष असता, तर थोडा वेळ विसावा दिल्याने यंत्र जास्त चालले नसते. हे बोलून झाल्यावर त्याने बाजूचे झाकण काढले आणि मला वाकून पाहायला सांगितले. पंख्याच्या खाली, धातूच्या पात्यांवर कापसाच्या तंतूंचा आणि मातीचा मिळून एक राखाडी थर बसला होता. चिमट्याने उचलला तेव्हा तो जुन्या गादीतल्या कापसाच्या पापुद्र्यासारखा अख्खा निघाला. पंखा फिरत होता, पण त्याचा वारा खाली जायला वाटच उरली नव्हती.

पुढचे काम त्याने दुकानाबाहेरच्या ओट्यावर केले. ब्लोअर मारताना त्याने पंख्याच्या पात्यांमध्ये पेन्सिल अडकवून ठेवली होती, कारण जोराच्या हवेने पंखा मर्यादेबाहेर फिरला तर त्याचे बेअरिंग खराब होते आणि फिरताना तो स्वतःच वीज निर्माण करून बोर्डाकडे ढकलू शकतो. नंतर प्रोसेसरची उष्णता धातूच्या पात्यांकडे नेणारी, पण वाळून खडूसारखी झालेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसली, हरभऱ्याच्या डाळीएवढा नव्या पेस्टचा ठिपका मधोमध ठेवला आणि पंखा परत बसवला. रॅमच्या पट्ट्या काढून त्यांच्या सोनेरी कडा शाळेतल्या साध्या खोडरबराने पुसल्या, आणि तो चुरा कोरड्या ब्रशने झाडल्याशिवाय त्या परत लावल्या नाहीत. शेवटी बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये) जाऊन तापमानाचा आकडा मला दाखवला. झाकण उघडण्याआधी तो ९० अंशांच्या पुढे होता, आता ४८ होता. कॅबिनेटच्या झाकणाच्या आतल्या बाजूला त्याने कागदाची एक चिठ्ठी चिकटवली आणि तीवर तारीख व ‘साफ केले, पेस्ट बदलली’ एवढेच लिहिले. एकूण ४५० रुपये झाले. जेथे पाच हजारांचा अंदाज मिळाला होता, तेथे हे काम साडेचारशेत झाले याचा मला आनंद आहेच, पण त्याहून अधिक मोलाचे मला हे वाटते की प्रत्येक पायरी माझ्यासमोर झाली आणि पुढच्या हंगामात तीच पायरी मी स्वतः करू शकेन इतके मला समजले.

एप्रिलमध्ये कार्यालयातील दुसऱ्या संगणकाचे कॅबिनेट हाताला झिणझिण्या देऊ लागले. अनवाणी पायाने स्पर्श केला तर मुंग्या चांगल्याच जाणवत. आमच्या कर्मचाऱ्यांनी संगणकात करंट उतरला म्हणून तो बदलायची मागणी केली. या वेळी धाकटा भाऊ जिनिंगवर आला, आणि त्याने संगणकाला हात लावण्याआधी खिशातले मल्टिमीटर काढून भिंतीवरचा सॉकेट तपासला. फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये २२६ व्होल्ट आले, ते ठीक होते. न्यूट्रल आणि अर्थिंगच्या मध्ये मात्र शंभराच्या आसपास आकडा दिसला, जो नीट अर्थिंग असलेल्या ठिकाणी दोन-चार व्होल्टच्या आत असायला हवा. त्याने समजावून सांगितले की संगणकाच्या एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळण्यासाठी छोटे कपॅसिटर बसवलेले असतात, ते अगदी थोडी वीज धातूच्या कवचाकडे सोडतात आणि ती अर्थिंगमधून जमिनीत जाणे अपेक्षित असते. अर्थिंगच तुटलेले असेल, तर कवचावर पुरवठ्याच्या साधारण निम्मा दाब साठून राहतो आणि आपल्याला झिणझिण्या येतात. संगणकात बिघाड नव्हता, बिघाड भिंतीत होता.

कार्यालयामागचा अर्थिंगचा खड्डा आम्ही उकरून पाहिला. आपल्या भागातली काळी जमीन उन्हाळ्यात आकसते आणि तिला हात घालता येईल इतक्या भेगा पडतात. तशीच भेग पाइपाच्या भोवती पडून माती त्याच्यापासून सुटली होती, आणि वरच्या क्लॅम्पपाशी तार गंजून तुटली होती. वायरमनला बोलावून तार नवी केली, कोळसा आणि मीठ भरले आणि तेव्हापासून दर उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी त्या खड्ड्यात घालण्याचे काम शिपायाकडे दिले आहे. धाकट्या भावाने फक्त येण्याजाण्याचे ३०० रुपये घेतले. त्याला एक नवा एसएमपीएस विकून जाणे सहज शक्य होते, आम्ही तर बदलायलाच तयार बसलो होतो.

जाता जाता त्याने टेबलाखालच्या यूपीएसकडे पाहिले आणि लेसर प्रिंटरची पिन त्यातून काढून थेट भिंतीत लावली. लेसर प्रिंटर छपाईच्या वेळी आतला रूळ तापवण्यासाठी एकदम मोठा विद्युतप्रवाह ओढतो, आणि ६०० व्हीएचा छोटा यूपीएस तो भार पेलू शकत नाही. आमचा यूपीएस छपाईच्या वेळीच का ओरडतो, हे कोडे तेव्हा सुटले. त्यातली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी दीड वर्षातच बसली होती. बॅटरी जितकी जास्त उष्णतेत राहील तितके तिचे आयुष्य घटते, आणि मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत यूपीएस टेबलाखाली कोंबून ठेवला तर त्याच्याकडून तीन वर्षांची अपेक्षा करणे चुकीचेच होते.

तिसरा प्रसंग ऑक्टोबरचा. पावसाळ्यात जिनिंग बंद असते आणि कार्यालयाचा मुख्य स्विच आम्ही खाली पाडून ठेवतो. हंगामाच्या तयारीसाठी उघडले, संगणक सुरू केला, आणि जीएसटीचे संकेतस्थळ उघडेना. बँकेचेही उघडेना. प्रत्येक ठिकाणी ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही’ अशा अर्थाची तांबडी सूचना येत होती. जीएसटीआर-३बी हे जीएसटीचे मासिक विवरणपत्र भरण्याची मुदत २० तारखेची असते आणि त्या दिवशी १८ तारीख होती. इंटरनेट पुरवणाऱ्याला फोन केला, त्यांनी राउटर बंद करून पुन्हा सुरू करायला सांगितले आणि नंतर तक्रार नोंदवून घेतली. एका परिचिताने व्हायरसची शंका काढली. दुकानात फोन लावला तेव्हा थोरल्या भावाने विचारलेला पहिलाच प्रश्न असा होता, “काका, पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली तारीख काय दिसते?” तारीख कित्येक वर्षे मागची होती.

प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाकडे त्याची ओळख पटवणारे एक प्रमाणपत्र असते आणि ते अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच वैध असते. संगणकाची स्वतःची तारीख त्या मुदतीच्या बाहेर असेल, तर त्याला ते प्रमाणपत्र खोटे वाटते आणि तो दार उघडत नाही. तारीख दुरुस्त करताच दोन्ही संकेतस्थळे उघडली. पण तारीख मुळात मागे गेली ती मदरबोर्डवरची नाण्याच्या आकाराची ३ व्होल्टची बॅटरी संपल्यामुळे. तिचा क्रमांक सीआर-२०३२ असून घड्याळाच्या दुकानातही ती मिळते. भिंतीचे बटण सुरू असते तोवर घड्याळ चालवायला बोर्ड मुख्य विजेतलाच अंश वापरतो, आणि वीज पूर्ण तोडली की सगळा भार या बॅटरीवर येतो. आमच्या कार्यालयासारख्या महिनोन्‌महिने बंद राहणाऱ्या ठिकाणी ती लवकर संपते, ते यामुळेच. बॅटरी मी स्वतः बदलली. फोनवरच्या सल्ल्याचे पैसे त्याने घेतले नाहीत. टॅली या हिशेबाच्या प्रोग्राममध्ये त्या दिवशी सकाळी चुकीच्या तारखेने पडलेल्या सात नोंदी मात्र मला एकेक शोधून दुरुस्त कराव्या लागल्या. सुरू केल्यावर कोपऱ्यातली तारीख पाहण्याची सवय मला तेव्हापासून लागली आहे.

आता घरच्या संगणकाविषयी, आणि हे सांगताना मला अजूनही वाईट वाटते. या दुकानाचा पत्ता लागण्यापूर्वी घरचा संगणक फार मंद झाला म्हणून मी शहरातल्या दुसऱ्या एका दुकानात नेला होता. संध्याकाळी तो परत मिळाला, नवी विंडोज टाकलेली होती आणि ‘डी ड्राइव्ह जशीच्या तशी ठेवली आहे’ असे सांगण्यात आले. ते खरेच होते. पण माझ्या पत्नीचे सगळे काम डेस्कटॉपवरच्या फोल्डरांत होते, आणि डेस्कटॉपवर दिसते ते नेहमीच्या मांडणीत सी ड्राइव्हमध्येच साठवलेले असते, तीच तर त्यांनी पुसली होती. पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिने चौथीच्या मुलांसाठी स्वतः तयार केलेले वर्षभराचे स्वाध्याय आणि मुलीच्या लहानपणीचे बरेचसे फोटो त्यात गेले. त्या दुकानाने आम्हाला एक साधा प्रश्न विचारला नाही, की कोठे काय ठेवले आहे. आणि एवढे होऊनही महिनाभरात संगणक पुन्हा तितकाच मंद झाला.

मग तो या गाळ्यात नेला. धाकट्या भावाने टास्क मॅनेजर उघडून दाखवला. काही काम चालू नसताना डिस्कच्या रकान्यात १०० टक्के दिसत होते आणि प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसला होता. नंतर त्याने हार्ड डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते, ती स्मार्टची यादी उघडली. तीत निकामी झालेल्या आणि वाचायला त्रास देणाऱ्या जागांचे आकडे शून्य असायला हवेत, ते शेकड्यांत होते. म्हणजे डिस्कच मरणपंथाला लागलेली होती, आणि तिच्यावर कितीही वेळा विंडोज टाकली असती तरी काही उपयोग झाला नसता. आधीच्या दुकानाने हे दोन मिनिटांचे काम केले असते, तर आमची माहिती वाचली असती.

त्याने आधी दुसऱ्या डिस्कवर प्रत घेतली. त्याला सहा तासांहून अधिक वेळ लागला, कारण डिस्क अडखळत वाचत होती. या काळात संगणक बंद करून पुन्हा सुरू करण्याचा आग्रह धरू नका, असे त्याने बजावले. डिस्कमधून टक-टक असा आवाज येऊ लागला, तर मात्र ती तत्काळ बंद करावी आणि पुन्हा सुरू करून पाहण्याचा मोह टाळावा, हेही त्याच वेळी सांगितले, कारण आतला वाचणारा भाग तबकडीवर घासत असेल तर प्रत्येक प्रयत्नात थोडी थोडी माहिती कायमची जाते. प्रत पूर्ण झाल्यावर नवी २५६ जीबीची एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क) बसवली आणि ४ जीबी रॅमला आणखी ४ जीबीची जोड दिली. पूर्वी चालू व्हायला चार मिनिटे घेणारा संगणक आता अर्ध्या मिनिटाच्या आत तयार असतो. घरच्या जुन्या, मंद संगणकावर सर्वात आधी कोणता खर्च करावा असे मला कोणी विचारले, तर मी एसएसडी हेच उत्तर देईन. एसएसडीबद्दल एक इशारा मात्र त्यांनी दिला, तो असा की तिच्यावरून पुसलेली फाइल जुन्या डिस्कसारखी सहजी परत मिळत नाही, कारण पुसलेल्या जागा ती स्वतःहून रिकाम्या करून ठेवते. म्हणून पत्नीच्या शाळेच्या फाइलींची एक प्रत आता बाहेरच्या डिस्कवर दर रविवारी घेतली जाते.

याच भेटीत विंडोजचा प्रश्न निघाला. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने दिलेला नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि आमचा प्रोसेसर इंटेलच्या सहाव्या पिढीचा असल्याने विंडोज ११ च्या अधिकृत अटींत तो बसत नाही. तिला साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप) लागते. बाजारात या अटींची तपासणी चुकवून विंडोज ११ टाकून देणारे पुष्कळ आहेत. या भावांनी तसे करून देण्यास नकार दिला. घरगुती वापरासाठी सुरक्षेची वाढीव अद्यतने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, तेवढा काळ ती घ्यावीत आणि दरम्यान नव्या यंत्रासाठी पैसे बाजूला टाकावेत, असा त्यांचा सल्ला होता. केवळ इंटरनेट आणि लिखाण एवढाच वापर असेल तर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) टाकून देऊ, असेही ते म्हणाले. चोरीची विंडोज आणि तिला ‘चालू’ करणारी फुकटची साधने ते टाकत नाहीत. त्यामुळे काही गिऱ्हाइके परत जातात, हे मी तेथे बसून पाहिले आहे. नव्या यंत्रांविषयी त्यांनी एक गोष्ट मुलीला आवर्जून सांगितली. विंडोज ११ असलेल्या अनेक लॅपटॉपांत डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते, आणि मदरबोर्ड बदलला किंवा बायॉसमध्ये फेरफार झाला की ४८ आकडी किल्ली विचारली जाते. ती किल्ली आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, म्हणून त्या खात्याचा पासवर्ड विसरलेला नसावा.

डिस्क बदलल्यावर पत्नीने पेनड्राइव्हमध्ये शिल्लक असलेल्या काही जुन्या फाइली उघडल्या, आणि मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची खिचडी दिसली. उरलेसुरलेही गेले असे वाटून तिचा चेहराच उतरला. मराठवाड्यातल्या शाळा, ग्रामपंचायती, पतसंस्था, वकिलांची कार्यालये यांपैकी कोणालाही हा अनुभव चुकलेला नसेल. थोरल्या भावाने फाइल पाहिली आणि ती शाबूत आहे असे लगेच सांगितले. युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना स्वतंत्र क्रमांक देणारी जागतिक पद्धत) रुळण्यापूर्वी आपण श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या फॉन्टांत टंकलेखन करत होतो, आणि त्यांपैकी अनेक फॉन्टांत मराठी अक्षरांचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले होते. फाइलीत प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरेच साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो, आणि संगणकावर तो फॉन्ट नसेल तर मूळ साठा उघडा पडतो. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःच्या जागा आहेत, त्यामुळे ती फाइल कोणत्याही यंत्रावर मराठीच दिसते. त्याने तो फॉन्ट टाकून फाइली वाचता येतील असे केले आणि नंतर रूपांतर करून युनिकोडमध्ये आणल्या. रूपांतरानंतर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार एकेक तपासा, कारण जुन्या पद्धतीत वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जाते आणि जोडाक्षरापाशी रूपांतर हमखास चुकते, असे त्याने सांगितले. त्याप्रमाणे पत्नीने दोन संध्याकाळी बसून सगळा मजकूर वाचून काढला आणि ‘पूर्ण’, ‘वर्ग’, ‘विद्यार्थी’ हे शब्द बऱ्याच ठिकाणी मोडलेले सापडले. तिच्या स्वाध्यायांपैकी अर्धेअधिक या पेनड्राइव्हमुळे परत मिळाले. दुरुस्तीच्या दुकानात मराठी फॉन्टांची ही जाण असणे मला फार महत्त्वाचे वाटते.

त्यांच्या कामात उणिवा आहेत आणि त्या मी त्यांनाही सांगितल्या आहेत. कार्यालयातला राउटर बदलल्यानंतर आमचा प्रिंटर ‘ऑफलाइन’ दाखवू लागला. हाताखालच्या मुलाने येऊन ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारा प्रोग्राम) काढून पुन्हा टाकला आणि २५० रुपये घेतले. दुसऱ्या दिवशी तेच झाले, त्याने तेच केले आणि पुन्हा २५० घेतले. तिसऱ्या दिवशी थोरला भाऊ आला. नव्या राउटरने प्रिंटरला नवा आयपी पत्ता (नेटवर्कमधला ओळख-क्रमांक) दिला होता आणि संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत होता, हे त्याने पाच मिनिटांत शोधले आणि प्रिंटरचा पत्ता राउटरमध्ये कायमचा बांधून दिला. दुसऱ्या वेळचे २५० रुपये मला परत मिळाले, पण मागितल्यावर. ते न मागता मिळायला हवे होते. दोघा भावांची रीत त्या मुलापर्यंत अजून पोहोचलेली नाही, आणि त्याला एकट्याला पाठवले तर निदान होण्याआधीच उपचार सुरू होतात.

लॅपटॉपच्या बोर्डावरचे बारीक काम येथे होत नाही. ते बाहेरगावी पाठवतात, आठ-दहा दिवस जातात आणि यंत्र नेमके कोणाच्या हातात आहे हे आपल्याला कळत नाही. अशा वेळी त्यांनी डिस्क काढून गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यायला हवी, ही सूचना मी केली आणि त्यांनी ती मान्य केली. दुपारी एक ते तीन फोन उचलला जात नाही. दहावी-बारावीच्या अर्जांच्या दिवसांत गर्दी इतकी असते की साध्या साफसफाईलाही तीन दिवस लागतात. बिलावर सुट्या भागाचा अनुक्रमांक पूर्वी लिहीत नसत, त्यामुळे वॉरंटीच्या वेळी अडचण आली असती. आता सांगितल्यावर लिहितात.

दूरस्थ मदतीची, म्हणजे इंटरनेटवरून आपला संगणक लांबूनच हाताळून दुरुस्त करण्याची सोयही ते देतात, आणि ती देण्याची त्यांची पद्धत मला योग्य वाटते. जोडणीचा क्रमांक सांगितल्यानंतर काम संपेपर्यंत समोरून उठायचे नाही आणि मधे बँकेचे काही उघडायचे नाही, असे ते प्रत्येक वेळी बजावतात. काम झाले की तो प्रोग्राम आपल्याच हाताने काढून टाकायला लावतात. ही शिस्त आमच्या कार्यालयाला नंतर उपयोगी पडली. एका सहकाऱ्याच्या पडद्यावर अचानक पूर्ण पडदा व्यापणारी सूचना आली, भोंगा वाजू लागला आणि संगणकात व्हायरस शिरला आहे, या क्रमांकावर ताबडतोब फोन करा, असे दिसू लागले. खरी विंडोज कधीही असा फोन क्रमांक दाखवत नाही. ते ब्राउझरमधले एक फसवे पान असते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडला, ब्राउझर तेथून बंद केला आणि विषय संपला. सहकाऱ्याने फोन लावला असता, तर पलीकडच्या माणसाने अशीच दूरस्थ जोडणी मागितली असती. कोणी फसून पैसे गेलेच असतील, तर इंटरनेटची तार काढून १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर आणि आपल्या बँकेला लगेच कळवावे, हे त्यांच्या दुकानाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले आहे.

दरांविषयी थोडक्यात. तपासणीचे २०० रुपये घेतात आणि पुढे दुरुस्ती करून घेतली तर ते एकूण रकमेतून वजा करतात. सुटे भाग कोणत्या किमतीला आणले ते विचारले तर बिल दाखवतात. शहरातली सर्वात स्वस्त सेवा ही नव्हे, शंभर-दोनशे रुपये कमी घेणारे आहेत. मला स्वतःला हा फरक देण्यासारखा वाटतो, कारण येथे स्वस्तातला उपाय आधी करून पाहतात आणि महागडा भाग बदलण्याची पाळी सर्वात शेवटी येते.

जाणार असाल तर सकाळी अकराच्या आत जा. मॉनिटर आणि की-बोर्ड नेण्याची गरज नाही, फक्त कॅबिनेट न्या. पडद्यावर काही सूचना आली असेल तर तिचा मोबाइलवर फोटो काढून न्या, कारण ती वाचूनच त्यांचे अर्धे काम होते. आणि डिस्क बदलली तर जुनी डिस्क मागून घ्या. त्यांनी आमची जुनी डिस्क न मागताच परत दिली होती, पिशवीत घालून, वर तारीख लिहून, आणि ती आता घरच्या कपाटात कुलपात आहे.